शेतातला स्फुरद शेतातच राहावा म्हणून: नव्याने शेती करणाऱ्यांसाठी

पिकाच्या अन्नद्रव्यांत स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा, स्वभाव अगदी वेगळा आहे. नत्र, म्हणजे नायट्रोजन, हवेत उडून जातो, पाण्याबरोबर खोल झिरपतो. स्फुरद हवेत जात नाही. मातीतल्या लोहाला, ॲल्युमिनियमला आणि कॅल्शियमला तो घट्ट चिकटतो आणि टाकला तिथेच पडून राहतो. शेताबाहेर जायला त्याला दोनच मोठे रस्ते आहेत. एक म्हणजे काढणी केलेलं पीक आणि दुसरा म्हणजे वाहतं पाणी. पहिला आपल्याला हवाच असतो. दुसरा कसा अडवायचा ते या लेखात क्रमाने सांगतो.

त्याआधी एक हिशेब समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या थरात साधारण एक टन स्फुरद वेगवेगळ्या रूपांत असतो. त्यातला वर्षाला एखादा किलो पाण्याबरोबर गेला, तर उत्पादनात काडीचाही फरक दिसत नाही. पण तलावाच्या पाण्यात लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास एकूण स्फुरद झाला, तरी शेवाळ माजायला तेवढा पुरतो. म्हणजे एक किलो स्फुरद सव्वातीन कोटी लिटरहून जास्त पाणी त्या पातळीला नेऊ शकतो. हे नुकसान पीक तुम्हाला कधीच दाखवणार नाही. ते आपल्यालाच शोधावं लागतं.

तलावाचं काय होतं, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा कॅनडातल्या ओंटारिओमध्ये मिळाला. शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये २२६ क्रमांकाच्या तलावात मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र सोडला, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. स्फुरद पडलेला भाग हिरवागार झाला, दुसरा जसाच्या तसा राहिला. असं शेवाळ मेलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषही तयार करतात. ऑगस्ट २०१४ मध्ये एरी सरोवराकाठच्या अमेरिकेतल्या टोलेडो शहरात याच विषामुळे चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. ते पाणी उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, पाणी आटून त्याचं प्रमाण उलट वाढतं. त्या सरोवराच्या पश्चिम भागात येणारा स्फुरद मुख्यतः शेतीच्या पाण्यातूनच येतो.

पायरी १: जोराच्या पावसात शेतात फिरा

बहुतेक मार्गदर्शक माती परीक्षणापासून सुरुवात करतात. माझ्या मते पहिलं काम पाणी पाहण्याचं आहे. ते फुकट आहे आणि दुसऱ्या कुणाला करता येत नाही. पाऊस चांगला लागला, शेतातून पाणी वाहायला लागलं की छत्री घेऊन बांधाबांधाने फिरा. विजा चमकत असतील तर मात्र थांबा. पाणी कुठे गोळा होतं, कुठून सरी फोडून धावतं, कोणत्या कोपऱ्यातून ओढ्यात उतरतं, गोठ्याचं आणि उकिरड्याचं पाणी कुठे जातं, हे कागदावर हाताने काढून ठेवा. फोटोही काढा, उन्हाळ्यात त्यांचा उपयोग होतो.

प्रत्येक ठिकाणी पाण्याचा रंग बघा. गढूळ पाणी म्हणजे माती चालली आहे आणि मातीला चिकटलेला स्फुरदही. त्यातही पाणी सर्वांत आधी उचलतं ते बारीक कण, आणि स्फुरद जास्त असतो तो याच बारीक कणांवर. त्यामुळे वाहून गेलेल्या एका घमेल्या गाळात शेतातल्या एका घमेल्या मातीपेक्षा स्फुरद अधिक असतो. पण नितळ पाणी दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. विरघळलेल्या स्फुरदाला रंग नसतो आणि शेवाळाला तो लगेच वापरता येतो. ज्या जमिनीत वर्षानुवर्षं खत साठलंय तिथलं नितळ पाणीच जास्त घातक ठरू शकतं.

सगळं शेत सारखं जबाबदार नसतं, हेही फिरताना कळतं. जिथे मातीत स्फुरद भरपूर आहे आणि पाणीही तिथूनच ओढ्याला मिळतं, अशा मोजक्या जागांतून बराचसा स्फुरद जातो. भरपूर स्फुरद असलेला पण पाणी बाहेर न जाणारा तुकडा तितका धोक्याचा नाही. मेहनत आणि पैसा आधी त्या मोजक्या जागांवर लावा.

पायरी २: मातीचा नमुना नीट घ्या

प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी नमुना चुकीचा असेल तर अहवालही चुकीचाच येणार. नागमोडी चालत एका तुकड्यातल्या पंधरा-वीस जागा निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती काढा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरडा होता तिथली, जनावरं बांधतात तिथली जागा टाळा. सगळी माती प्लास्टिकच्या स्वच्छ बादलीत एकत्र करा, सावलीत वाळवा, ढीग करून चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन ठेवा. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहा. खताच्या रिकाम्या गोणीवर माती वाळवू नका, त्या गोणीला चिकटलेली भुकटीसुद्धा आकडा फुगवते.

खत टाकण्याआधी आणि दरवेळी वर्षाच्या त्याच सुमारास नमुना घेतला, तरच जुन्या-नव्या अहवालांची तुलना होते. शून्य मशागत करणाऱ्यांनी, म्हणजे नांगरट न करता पेरणाऱ्यांनी, वरच्या ५ सेंटिमीटरचा वेगळा नमुनाही द्यावा. कारण पुढे येईल.

अहवाल हातात आला की तीन गोष्टी बघा. पहिली, पद्धत कोणती. उदासीन आणि विम्ल जमिनीला ओल्सेन, आम्ल जमिनीला ब्रे, आणि अनेक ठिकाणी दोन्हींसाठी मेहलिक-३ वापरतात. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या तक्त्यात बघायचा नसतो. दुसरी, एकक कोणतं. पीपीएममधला (दशलक्षात किती भाग) आकडा २.२४ ने गुणला की १५ सेंटिमीटर थरासाठीचे हेक्टरी किलो मिळतात. तिसरी गोष्ट नव्या माणसाला हमखास गोंधळात टाकते. अहवालात बहुधा मूळ स्फुरद असतो, तर खताच्या गोणीवर त्याचं ऑक्साइड रूप, म्हणजे पीटूओफाइव्ह, छापलेलं असतं. मूळ स्फुरदाला २.२९ ने गुणलं की गोणीवरचा आकडा येतो, आणि गोणीवरच्या आकड्याला ०.४४ ने गुणलं की मूळ स्फुरद. म्हणून शंभर किलो डीएपी खतात (१८:४६:०, म्हणजे १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के पीटूओफाइव्ह) मूळ स्फुरद वीस किलोच असतो.

पायरी ३: खातं मांडा

वहीत प्रत्येक तुकड्याला एक पान द्या. डावीकडे आत आलेला स्फुरद लिहा, उजवीकडे पिकाबरोबर बाहेर गेलेला. गोणीशी जुळावं म्हणून दोन्ही बाजू पीटूओफाइव्हमध्ये ठेवा. ढोबळ मानाने एक टन गहू ८ किलो, एक टन मका ६ किलो आणि एक टन सोयाबीन १२ किलोच्या आसपास बाहेर नेतो.

समजा हेक्टरी ४ टन गहू निघाला, तर ३२ किलो बाहेर गेले. त्या शेतात १०० किलो डीएपी दिलं होतं, त्याचे ४६ किलो. वर १० टन शेणखत, त्यात ०.२ टक्के धरले तर आणखी २० किलो. आत आले ६६, गेले ३२, शिल्लक ३४. दहा वर्षं असंच चाललं तर ३४० किलो साठतात, म्हणजे दीडशे किलो मूळ स्फुरद. या साठ्यातला मोठा भाग मातीत घट्ट बसतो. पण मातीच्या धरून ठेवण्याच्या जागा जसजशा भरत जातात, तसतसा पाण्यात सुटणारा वाटा वाढत जातो.

ज्या तुकड्याचा अहवाल कमी दाखवतो तिथे अशी शिल्लक मुद्दाम ठेवावी लागते. दिलेल्या स्फुरदातला थोडाच वाटा पहिल्या हंगामात पिकाला मिळतो आणि जमिनीचा साठाही वाढवायचा असतो. मध्यम असेल तर जेवढं गेलं तेवढंच द्या. भरपूर असेल तर देऊ नका. या शेवटच्या वाक्यावर नव्या शेतकऱ्याचा विश्वास बसणं कठीण जातं, कारण आजूबाजूला सगळे पेरणीबरोबर पोती ओतताना दिसतात. पण भरपूर स्फुरदाच्या जमिनीत आणखी टाकल्याने उत्पादन वाढत नाही, उलट जस्ताची कमतरता डोकं वर काढते आणि मुळांना अन्न पुरवणारी मायकोरायझा बुरशी मागे पडते. थंड जमिनीत पेरणी असेल तर बियाण्याजवळ अगदी थोडी मात्रा चालते. तेवढा अपवाद पुरे.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, मातीतला बांधलेला स्फुरद काही प्रमाणात मोकळा करतात. ते नवा स्फुरद आणत नाहीत. साठा असलेल्या जमिनीत जरूर वापरा, पण खात्याच्या डाव्या बाजूला त्यांची नोंद करू नका.

पायरी ४: शेणखत आणि कोंबडीखत

सर्वाधिक स्फुरद नकळत साठतो तो इथे, आणि तोही सेंद्रिय म्हणजे निर्धोक या समजामुळे. सेंद्रिय खताने माती सुधारते, तिची पाणी धरण्याची ताकद वाढते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचण प्रमाणाची आहे. पिकाला स्फुरदाच्या मानाने नत्र कितीतरी जास्त लागतो, पण खतात दोन्हींमधलं अंतर फार कमी असतं. नत्राची गरज डोळ्यासमोर ठेवून खत टाकलं की स्फुरद आपोआप जादा पडतो.

आकड्यात बघू. गव्हाला १२० किलो नत्र द्यायचा आहे आणि तो सगळा कोंबडीखतातून द्यायचं ठरवलं. खतात ३ टक्के नत्र आणि २.५ टक्के पीटूओफाइव्ह धरू. सगळा नत्र पहिल्याच हंगामात मिळाला असता तर ४ टन पुरले असते. पण पहिल्या हंगामात त्यातला निम्मा मिळाला असं धरलं तर ८ टन लागतात. त्याबरोबर येतो २०० किलो पीटूओफाइव्ह. पीक उचलणार ३२. एका हंगामात सहा हंगामांचा स्फुरद शेतात येऊन पडला.

उपाय साधा आहे. खताची मात्रा स्फुरदावर ठरवा, नत्राची तूट द्विदल पिकांनी, हिरवळीच्या खताने किंवा युरियाने भरून काढा. किंवा सहा हंगामांचा स्फुरद एकदाच द्या आणि पुढचे पाच हंगाम त्या तुकड्याला स्फुरद बंद ठेवा. मात्र हा दुसरा मार्ग ओढ्यालगतच्या आणि उताराच्या तुकड्यांवर वापरू नका. जादा खत असेल तर ते अहवालात कमी आलेल्या तुकड्याकडे न्या, लांब असला तरी. गोठ्याशेजारचा तुकडा सोयीचा म्हणून दरवर्षी तिथेच खत जातं, आणि बहुतेक शेतांत सर्वाधिक साठा तिथेच सापडतो.

खत वापरण्याआधी त्याचंही परीक्षण करून घ्या. वरचे टक्के ढोबळ आहेत. ओलावा, भुसा आणि साठवण यांनुसार ते खूप बदलतात.

पायरी ५: केव्हा आणि कसं द्यायचं

मातीत स्फुरद हलत नाही, टाकल्या जागेपासून तो जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. त्यामुळे वर फेकून दिलेलं खत वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच राहतं, आणि पावसाचं पाणी नेमकं त्याच थराला घासून जातं. तेच खत पेरून दिलं, बियाण्याच्या ५ सेंटिमीटर बाजूला आणि ५ सेंटिमीटर खाली, तर ते मुळांच्या वाटेवर येतं आणि पाण्याच्या वाटेवरून हटतं. शिवाय पट्ट्यात दिलेल्या खताचा मातीशी संपर्क कमी येतो, ते कमी घट्ट बसतं, म्हणून मात्राही कमी पुरते. सगळ्या पायऱ्यांतली एकच निवडायची वेळ आली, तर खत पेरून द्यायला सुरुवात करा.

पेरून देणं शक्यच नसेल तर फेकल्यावर त्याच दिवशी हलक्या कुळवणीने मातीआड करा. जोराच्या पावसाचा अंदाज असेल, जमीन चिंब असेल किंवा गोठलेली असेल, तर टाकू नका. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमधला बहुतांश स्फुरद पाण्यात लगेच विरघळतो, आणि खत टाकल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात जेवढा जातो तेवढा नंतरच्या पावसांत जात नाही. काही दिवस मातीशी संपर्क आला की हा धोका उतरतो. वाफसा येईपर्यंत थांबणं हे शब्दशः पाणी वाचवणं आहे.

आता शून्य मशागतीबद्दल. नांगरट बंद केली की धूप घटते आणि मातीबरोबर जाणारा स्फुरदही घटतो, म्हणून ती मला मोलाची वाटते. पण मशागत नाही आणि खत मात्र वरून फेकणं चालू, असं झालं तर वरच्या थरात स्फुरदाचा दाट पापुद्रा तयार होतो आणि नितळ पाण्यातून विरघळलेला स्फुरद जाऊ लागतो. एरी सरोवरात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून विरघळलेला स्फुरद पुन्हा वाढत गेला, त्यामागच्या कारणांत अभ्यासक याचीही गणना करतात. म्हणून वरच्या ५ सेंटिमीटरचा वेगळा नमुना. मशागत सोडा, पण खत जमिनीखालीच द्या.

पायरी ६: वाटेत पाणी अडवा

समतल पेरणी, उताराला आडवे बांध, आच्छादन, दोन पिकांच्या मधल्या काळात जमीन झाकणारं पीक. धूप रोखणारं जे जे काही आहे ते स्फुरदही रोखतं.

ओढ्याकाठच्या गवताच्या पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर. पाणी पातळ थराने पसरून त्यावरून गेलं तरच पट्टा गाळ धरतो. एकाच घळीतून धावत आलं तर पट्टा कितीही रुंद असला तरी ते त्यातून सरळ निघून जातं. म्हणून पहिल्या पायरीतला नकाशा हातात घ्या आणि घळ जिथे पट्ट्याला मिळते तिथे आधी दगडांची ओळ किंवा छोटा अडथळा करून पाणी पसरवा. हा पट्टा विरघळलेला स्फुरद फारसा अडवत नाही. शिवाय साठलेल्या गाळाने तो स्वतःच काही वर्षांत स्फुरदाने भरतो. गवत कापून बाहेर नेत राहा. कापलेलं गवत तिथेच कुजू दिलं तर स्फुरद पुन्हा ओढ्याच्या तोंडाशीच उरतो. या पट्ट्यात खत अजिबात टाकू नका.

जमिनीखाली निचऱ्याचे पाइप असतील, किंवा माती भेगाळणारी असेल, तर पाणी भेगांतून थेट खाली उतरतं आणि स्फुरद मातीला चिकटायच्या आत पाइपातून बाहेर पडतो. अशा ठिकाणी खत देण्याआधी हलकी मशागत करून भेगा मोडणं उपयोगी पडतं.

पायरी ७: जनावरं

ओढ्यात उतरणारी जनावरं काठ मोडतात आणि शेण थेट पाण्यात टाकतात. कुंपण घाला, पाण्याची टाकी काठापासून लांब ठेवा. उकिरडा उंचवट्यावर हवा, त्याच्याभोवती वरचं पाणी वळवणारा चर हवा आणि पावसाळ्यात तो झाकलेला हवा.

खाद्याकडेही बघा. धान्यातला साधारण दोन तृतीयांश स्फुरद फायटेट रूपात असतो. कोंबड्यांना आणि डुकरांना तो नीट पचत नाही, म्हणून खाद्यात वरून खनिज स्फुरद घालतात आणि न पचलेला विष्ठेत जातो. फायटेज विकर (एन्झाइम) घातलेलं खाद्य वापरलं तर धान्यातलाच स्फुरद पचतो आणि खनिज स्फुरद कमी करता येतो. गाई-म्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव हे काम स्वतःच करतात. त्यांना खनिज मिश्रण देताना खाद्यात मुळात स्फुरद किती आहे ते पशुवैद्याला विचारून मगच ठरवा.

पायरी ८: बाहेर जाणारं पाणी तपासा

वर्षातून एक-दोनदा, शेतातून पाणी बाहेर पडत असताना, नकाशातल्या मुख्य तोंडाशी नमुना घ्या. बाटली नवी किंवा नुसत्या पाण्याने अनेकदा विसळलेली असावी. धुण्याच्या साबणात फॉस्फेट असू शकतं, त्यामुळे साबण लावू नका. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, भरा, थंड आणि अंधारात ठेवा आणि चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत द्या. एकूण स्फुरद आणि विरघळलेला स्फुरद, दोन्ही तपासायला सांगा. अहवालात फॉस्फेटचा आकडा असेल तर त्याला ३.०७ ने भागून मूळ स्फुरद काढा. रंग बदलणाऱ्या स्वस्त पट्ट्या इतक्या कमी प्रमाणात कामाच्या नाहीत.

एकूण आकडा मोठा आणि विरघळलेला लहान, तर माती वाहते आहे, सहाव्या पायरीवर जोर द्या. विरघळलेलाच मोठा असेल तर बांध आणि पट्टे पुरणार नाहीत. तिथे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पायरीकडे वळावं लागेल.

मातीतला साठा लवकर उतरत नाही. भरपूर साठलेल्या तुकड्याला खत पूर्ण बंद केलं तरी अहवालातला आकडा खाली यायला अनेक वर्षं लागतात, आणि तलावाच्या तळाशी बसलेला गाळ त्यानंतरही स्फुरद सोडत राहतो. त्यामुळे पहिल्या दोन हंगामांत ओढ्याचं पाणी बदललं नाही म्हणून वही बंद करू नका. मातीचा पुढचा नमुना तीन वर्षांनी, त्याच तुकड्यातून, त्याच महिन्यात आणि त्याच पद्धतीने तपासून घ्या.